समजा, एक घर आहे

अर्जात जिथे जिथे 'होय की नाही' असं विचारलं होतं, तिथे तिथे मी 'होय' ठोकलं. सरकारला होकार आवडतो आणि नकार दिला की कागद वाढतात, हे मी कॉलेजात शिकलेलं एकमेव शास्त्र. अर्ज मामाचा होता, बोटं माझी होती. तीन दिवसांनी माझ्या मोबाइलवर मेसेज आला : 'अभिनंदन! घर-मध्यस्थ प्रशिक्षण वर्गाचे प्रशिक्षक म्हणून आपली निवड झाली आहे. आपल्या तुकडीत बावीस विद्यार्थी आहेत.'

मामाने तो मेसेज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"विद्यार्थी व्हायला कोण निघालं होतं?"

"तू."

"आणि हा मास्तर कोण झाला?"

"तोही तूच."

मामी दुकानाच्या दारात झाडू मारत होती. ती न थांबता म्हणाली, "बरंच झालं की. लग्न झाल्यापासून कोणाचं ऐकून घेताना मी यांना बघितलेलं नाही. शिकवा आता."

गंमत सोडली तर प्रकरण गंभीर होतं. मामा घरांचा एजंट. घर भाड्याने देणं, विकून देणं, मालक आणि गिऱ्हाईक यांना एकमेकांपासून शेवटपर्यंत लांब ठेवणं, हा त्याचा धंदा. आता नवा नियम आला होता : प्रत्येक एजंटाने चाळीस तास वर्गात बसायचं, परीक्षा द्यायची आणि परवाना घ्यायचा. महिनाअखेरपर्यंत परवाना हातात नसेल, तर दुकानाचा बोर्ड उतरवायचा. बोर्ड उतरला तर मामा काय करणार, याची घरात सगळ्यांना धास्ती होती, कारण त्याला दुसरं काही येत नाही. मामीने एकदा प्रयोग करून बघितला होता. तिच्या भावाचं वह्या-पेनांचं दुकान आहे, तिथे तिने मामाला दुपारपुरतं बसवलं. भाऊ जेवून परत आला, तेव्हा दुकानाची मागची खोली भाड्याने गेलेली होती.

तेव्हा मी आणि मामाने परवाना कार्यालय गाठलं. तिथल्या मॅडमसमोर मी चूक कबूल केली आणि मामाचं मास्तरपद रद्द करा म्हणून विनवलं.

"रद्द होत नाही," मॅडम म्हणाल्या. "एकदा नेमणूक झाली की एक तुकडी पूर्ण करावीच लागते."

"आणि माझा परवाना?" मामाने विचारलं.

"त्यासाठी वर्गात चाळीस तास हजेरी पाहिजे."

"अहो, पण वर्गात मी असणारच की! मीच शिकवणार म्हटल्यावर."

मॅडमनी नियमांचं पुस्तक काढलं. एका पानावरची ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "नियमात 'वर्गात उपस्थित' असं म्हटलंय. तोंड कुठल्या बाजूला, ते लिहिलेलं नाही."

"म्हणजे चालेल?"

"चालेल. फक्त हजेरी प्रशिक्षकाने घ्यायची."

अशा रीतीने मामा आपल्याच वर्गातला तेविसावा विद्यार्थी झाला. मला त्याने सहायक नेमलं. "घाण तू केलीस," तो म्हणाला, "पुस्तक तू वाचायचंस."

पुढचं कळायला मामाच्या कामाची रीत माहीत पाहिजे. मामा पत्ता सांगत नाही. एजंटाची सगळी कमाई पत्त्यात असते. गिऱ्हाइकाला पत्ता कळला की ते सरळ मालकाला गाठतं आणि एजंट हात चोळत बसतो. म्हणून मामा फोनवर फक्त एवढंच सांगतो : "मेन रोडपासून पाच मिनिटांवर." त्यावरून त्याला सगळे 'पाचमिनिटे' म्हणतात, जणू आडनावच. मग तो गिऱ्हाइकाला स्वतः घेऊन जातो, तेही अशा बोळाबोळांतून, एका बिल्डिंगच्या पुढच्या दाराने शिरून मागच्या दाराने काढत, की घर पसंत पडलं तरी ते पुन्हा सापडू नये. एका कुटुंबाने घर घेतलं, सामान आणलं आणि संध्याकाळी भाजी आणायला गेलेल्या बाईला परत यायला मामाला बोलवावं लागलं होतं.

सवय अशी मुरली, की धंदा आणि संसार यातला फरक मामाच्या लक्षात राहिला नाही. माझ्या मामेबहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेत हॉलच्या नावाखाली 'शाळेजवळ, प्रशस्त, भरपूर उजेड' एवढंच छापलं होतं. निम्मे पाहुणे शाळेत जाऊन बसले. मामा स्वतः कुठे राहतो, हे त्याच्या धंद्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मलासुद्धा लहानपणी तो दर वेळी वेगळ्या वाटेने घरी न्यायचा. त्यामुळे मामाला चार घरं आहेत, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

वर्ग संध्याकाळी एका प्राथमिक शाळेत भरला. तिसरीची बाकं. आपापल्या गल्लीत राजासारखे वावरणारे बावीस एजंट गुडघे हनुवटीला लावून बसले होते. पुढच्या बाकावर 'टेप' होता. कमरेला स्टीलचा टेप अडकवून फिरतो आणि बोलता बोलता त्याची पट्टी खटकन आत-बाहेर करतो, म्हणून टेप. मामाचा जुना वैरी.

मामाने हजेरी घेतली. बावीस झाले. मग त्याने "तेवीस!" असा पुकारा केला, खुर्चीवरून उठला, खाली रिकाम्या बाकावर जाऊन बसला, "हजर" म्हणाला आणि परत वर गेला.

"पाचमिनिटे, बसल्या जागेवरून म्हटलं असतं तरी चाललं असतं," टेप म्हणाला.

"वर्गात बोलायचं नाही," मामा म्हणाला.

पहिल्या धड्याचं नाव होतं 'पारदर्शकता'. मी वाचलं : गिऱ्हाइकाला घराचा पूर्ण पत्ता आधी लेखी द्यावा. बावीस माना माझ्याकडे अशा वळल्या, जणू मी कोणाच्या तरी आईवरून बोललो. मग मागून एक जण म्हणाला, "बरं, हे चाळीस तास कमी करा. वीसला फायनल करू." दुसरा म्हणाला, "माझ्या ओळखीने तिघं वर्गात आलेत, त्यांच्या फीमध्ये माझं काय?" वातावरण हाताबाहेर जायला लागलं तसं मामाने फळा ठोकला.

"उदाहरण घेऊ," तो म्हणाला. "समजा, एक घर आहे."

"कुठे?" बावीस जणांनी विचारलं.

"अरे, समजा म्हटलं!"

"समजा असलं तरी एरिया असेलच की," टेप म्हणाला.

"एरिया चांगला आहे."

"वरचा मजला की खालचा?"

इथे मामा गप्प बसला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मामाला कोणी घराबद्दल विचारावं आणि त्याने गप्प बसावं, हे कसं शक्य आहे? "वरचा," तो म्हणाला. "दोन खोल्या. गॅलरीत सकाळचं ऊन. पाणी दिवसभर. संडास दोन. मालकाची कटकट नाही. स्वयंपाकघराची खिडकी अशी, की ओट्याशी उभं राहिलं तर रस्त्यावरून कोण येतंय ते दिसतं." बोलता बोलता त्याचे डोळे अर्धवट मिटले. मी त्याला इतकं सुंदर बोलताना आधी ऐकलं नव्हतं.

बावीसच्या बावीस जणांनी ते मनात लिहून घेतलं. पाचमिनिटे एवढं सगळं सांगतोय आणि वर 'समजा' म्हणतोय, म्हणजे घर शंभर टक्के आहे आणि त्याला ते दाबून ठेवायचंय, याबद्दल कोणालाही शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी टेप बोळाबोळांतून मान वर करून गॅलऱ्या बघत फिरताना दिसला. तिसऱ्या दिवशी एक जण वर्गात पार्टीच घेऊन आला, नुकतं लग्न झालेलं जोडपं. "तुम्ही फक्त बसा," तो त्यांना सांगत होता, "घर यांच्याकडे आहे, आज ना उद्या बोलतील." ती दोघं मागच्या बाकावर बसून तिसरा धडा ऐकून गेली. नवऱ्याने टिपणंसुद्धा काढली. आठवड्याच्या शेवटी त्या घराचं भाडं दीडपट झालं. ते कोणी वाढवलं, देव जाणे. मामा ओरडून ओरडून सांगत होता की असं घर नाहीच, आणि तो जितका ओरडायचा तितका भाव चढायचा.

ही हकीकत घरी पोचली, तेव्हा मामीने विचारलं, "अहो, त्या घराला संडास किती?"

"दोन," मामा म्हणाला.

"मग आपण का राहत नाही तिथे?"

मामाने चष्मा पुसायला घेतला.

परीक्षा महिनाअखेरच्या आदल्या दिवशी आली. घ्यायला कार्यालयातल्या मॅडम स्वतः आल्या. शंभरापैकी चाळीस पाहिजेत. निम्मी परीक्षा लेखी, निम्मी प्रात्यक्षिक. हुकलं तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी आणि तोवर बोर्ड खाली. मामी सकाळी मामाला म्हणाली होती, "सहा महिने तुम्ही घरी बसलात, तर मीच परवाना काढून दुसरीकडे राहायला जाईन." ती हसली होती, पण मामाने त्या दिवशी चहा अर्धाच घेतला.

लेखी पेपरात चार पर्यायांतून एक निवडायचा होता. आता या धंद्यात जो पहिला आकडा बोलतो तो मरतो. त्यामुळे पहिला अर्धा तास कोणी पेनच टेकवलं नाही, सगळे दुसरा काय करतो ते बघत बसले. मामाने एका प्रश्नाला 'ब' आणि 'क' यांच्यामध्ये कंस करून लिहिलं : 'मधे कुठेतरी जमवू.' इतकं करूनही त्याला एकतीस पडले. प्रात्यक्षिकात नऊ मिळाले की बोर्ड वाचत होता. नऊ! मी तर मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटून टाकले.

"मी गिऱ्हाईक आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडचं एक घर मला सांगा. आधी पत्ता लेखी द्या, मग जवळच्या रस्त्याने घेऊन चला."

पहिला टेप उठला. पण स्वतःकडच्या खऱ्या घराचा पत्ता एकवीस वैऱ्यांसमोर फोडायचा म्हणजे घरदार उघड्यावर टाकणं. त्याने पट्टी खटकन बंद केली आणि म्हणाला, "वरचा मजला आहे, मॅडम. दोन खोल्या. गॅलरीत सकाळचं ऊन."

दुसरा उठला. वरचा मजला, दोन खोल्या, पाणी दिवसभर. तिसऱ्याने ओट्यासमोरची खिडकी आणि वर दोन संडास सांगितले. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"गावात एकच घर रिकामं आहे का?"

"चांगलं असं एकच, मॅडम," मागून आवाज आला.

बावीस जणांनी तेच घर सांगितलं. पत्त्याच्या रकान्यात बावीस जणांनी लिहिलं, 'प्रत्यक्ष भेटीत.' मॅडम चिडायला हव्या होत्या, पण एव्हाना त्यांच्या डोळ्यांत काहीतरी वेगळंच आलं होतं. नंतर कळलं, त्या स्वतःच दीड वर्षापासून घर शोधत होत्या.

"हे घर मला बघायचंय," त्या म्हणाल्या. "मुळात आहे कोणाकडे?"

सगळी बोटं मामाकडे वळली. मामाने माझ्याकडे एकदा असं बघितलं, की मी अर्ज भरलेलं बोट खिशात घातलं. मग तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "चला मॅडम. पाच मिनिटांवर आहे."

पुढे मामा, मागे मॅडम, त्यांच्यामागे बावीस एजंट, घराच्या आशेने पुन्हा आलेलं ते जोडपं आणि शेवटी मी, अशी वरात निघाली. नसलेल्या घराकडे जवळचा रस्ता कुठला असणार? मामा आपला चालत राहिला. गिरणीच्या बोळातून गेलो, धोब्याच्या अंगणातून गेलो, एका दवाखान्याच्या पुढच्या दाराने शिरून मागच्या दाराने निघालो. कंपाउंडरने आमच्यातल्या दोघांना नंबर दिले. तासाभराने तोच धोबी पुन्हा दिसला. तिसऱ्या खेपेला त्याने आमच्यासाठी दोऱ्यांवरचे कपडे बाजूला धरून ठेवले होते.

शेवटी एका बिल्डिंगच्या पायरीवर मॅडम मटकन बसल्या. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता. "आलं का?" त्यांनी विचारलं.

मामाने कपाळ पुसलं. खिशातला फोन काढून कानाला लावला, जो वाजलाही नव्हता. "काय सांगता?" तो फोनला म्हणाला. मग चेहरा पाडून वळला. "गेलं, मॅडम. आत्ताच गेलं ते घर."

एजंट मंडळी हळहळली. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याकडे असं बघितलं, की तो बिचारा नुसताच हात झटकत राहिला. पण मॅडम शांत होत्या. त्यांनी गुणपत्रक काढलं.

"गेलं तर गेलं. मग आता पत्ता लपवून काय मिळणार? लिहून द्या."

मामाने फोन खिशात घातला आणि परत काढला. एवढ्या वर्षांत त्याला कोणी असं कोंडीत पकडलेलं मी बघितलं नव्हतं. टेपनेसुद्धा खटखट थांबवली. मामाकडे खोटं घर होतं, पण खोटा पत्ता नव्हता. ती सवयच नव्हती त्याला. पत्ता लपवायची सवय होती.

तेवढ्यात वरून आवाज आला. "अहो! तिसऱ्यांदा चाललाय या रस्त्याने. वर येणार आहात की नाही?"

सगळ्यांनी माना वर केल्या. वरचा मजला. गॅलरी. तिच्याशेजारी स्वयंपाकघराची खिडकी आणि खिडकीत ओट्याशी उभी असलेली मामी, हातात उलथनं.

लहानपणापासून मी त्या घरात येत-जात होतो, पण खाली रस्त्यावरून ते इतकं नीट मी तेव्हाच बघितलं.

"हेच ना ते?" मॅडमनी विचारलं.

मामाने मान हलवली. मग पेन घेतलं आणि गुणपत्रकावर लिहिलं : घराचा नंबर, बिल्डिंग, बोळ, मजला, सगळं. लिहिताना त्याचा हात दाढदुखीच्या माणसासारखा जपून चालत होता. मागे बावीस जण आपापल्या तळहातावर ते उतरवून घेत होते.

"आणि गेलं म्हणालात? कोणाकडे?"

मामाने वर बोट केलं. "हिच्याकडे. लग्न झालं तेव्हाच गेलं. मी नुसता राहतो."

"काय चाललंय खाली?" मामी ओरडली.

"संडास किती आहेत, वहिनी?" मॅडमनी वर विचारलं.

"एक! का हो?"

मॅडमनी एक मार्क कापला. पत्ता दिला, पण उशिरा, म्हणून तीन. वर्णन बाकी खरं, म्हणून सहातला तो एक जाऊन पाच. जवळचा रस्ता, शून्य. बेरीज आठ. एकतीस आणि आठ, एकोणचाळीस.

मामा त्या आकड्याकडे बघत उभा राहिला. मग त्याच्यातला एजंट जागा झाला. "मॅडम, एकावरून कुठे सौदा मोडतात का?"

"नियम आहे. चाळीस."

"साडेएकोणचाळीसला करा."

"अर्धा मार्क नसतो."

"बरं, मग उसना द्या."

"मार्क उसना देतात का कुठे?"

"तुमच्या पुस्तकात देऊ नये असं लिहिलंय?"

मॅडमनी पुस्तक उघडलंच नाही. नियमांच्या पुस्तकाची त्यांना सवय होती आणि तिथे काय लिहिलेलं नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. शिवाय त्यांच्या पायात एकच चप्पल होती, संध्याकाळची गाडी निघायला आली होती आणि आपण नेमक्या कुठे आहोत, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. त्यांनी आजूबाजूला बघितलं. सगळे बोळ सारखेच दिसत होते.

"परत कधी द्याल?" त्यांनी विचारलं.

"लवकरात लवकर," मामा म्हणाला.

त्यांनी एकोणचाळीसचे चाळीस केले, बाजूला सही केली आणि सहीखाली बारीक अक्षरात 'एक उसना' असं लिहिलं. मामीने वरून तिच्या जुन्या चपला खाली टाकल्या. गाडीचा थांबा समोरच्या भिंतीपलीकडेच होता.

परवाना आला. दुकानात बोर्डाखाली तो काचेत लावलाय. घर बघायला अजून माणसं येतात. मामी खिडकीतूनच "गेलं!" म्हणून ओरडते आणि उलथनं हलवते. त्या जोडप्याला टेपने नदीकडे जागा बघून दिली, पण नवरा अजून आमच्या बोळातून जाताना मान वर करतो.

मामाला मात्र चैन नाही. आयुष्यात त्याने कोणाचं ठेवलेलं नाही. मास्तरपद सुटलेलं नव्हतंच (पुढच्या तुकडीलाही शिकवाल का, तिथेही मी 'होय' ठोकलं होतं), म्हणून त्याने दुसरी तुकडी शिकवली, तिची हजेरी घेतली, स्वतःची दिली आणि स्वतःही पुन्हा परीक्षेला बसला. बावन्न पडले. ते घेऊन तो मॅडमकडे गेला. "यातला एक वळता करून घ्या."

"या परीक्षेचे मार्क त्या परीक्षेत जात नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"मग परत कसा करायचा?"

त्यांनी पुस्तक चाळलं. "ते लिहिलेलं नाही."

परवा जेवताना मामा मला हळूच म्हणाला, "तुझ्या बारावीच्या मार्कलिस्टमधला एखादा जास्तीचा असला तर दे. घरातल्या घरात. मॅडमना विचारून बघतो, नातेवाइकाकडून चालतो का."

"गणितातला दे," मामी म्हणाली. "त्याचा नाहीतरी त्याला काही उपयोग झालेला नाही."

मी बघतो म्हणालो. गणितात मला बरोबर पस्तीस आहेत, हे दोघांनाही मी अजून सांगितलेलं नाही.